मोठ्या वयात दातांना तारा लावण्याआधी जबड्याचा सांधा तपासायचा का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते, शाळेत शिकवते, वय ३६. वरचे पटाशीचे दात पुढे आहेत आणि खालचे एकमेकांवर चढलेत. लहानपणी तारा लावायचं राहून गेलं, आता स्वतःच्या कमाईतून करायचं ठरवलंय.

अडचण अशी की दोन ठिकाणी दाखवलं आणि दोन टोकांची मतं मिळाली. पहिल्या डॉक्टरांनी ओपीजी (सगळ्या दातांचा आणि जबड्याचा एक सलग एक्स-रे) आणि चेहऱ्याचा बाजूचा एक्स-रे काढला, दातांची मापं घेतली आणि म्हणाले, पुढच्या आठवड्यात सुरू करू. दुसऱ्यांनी आधी कानापुढे बोटं ठेवून तोंड उघडायला-मिटायला लावलं. माझा जबडा डाव्या बाजूला कट् करून वाजतो, बरीच वर्षं वाजतो. ते म्हणाले, सांधा नेमका कुठे बसतोय ते आधी बघू. त्यासाठी सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) काढायचा, दातांचे साचे आर्टिक्युलेटरवर (जबड्याच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या यंत्रावर) चढवायचे, काही महिने स्प्लिंट (दातांवर बसणारं काढघाल करता येणारं कवच) घालायची आणि मगच तारा. खर्च आणि वेळ दोन्ही वाढणार.

दुखण्याचं म्हणाल तर रोज नाही. ऊस सोलून खाल्ला की दुसऱ्या दिवशी कानशील जड होतं. पेपर तपासायच्या दिवसांत सकाळी उठल्यावर जबडा अवघडलेला असतो. कानाच्या डॉक्टरांना दाखवून झालंय, कान स्वच्छ आहे.

सांध्याची तपासणी खरंच लागते का? लागत असेल तर कोणती? आणि ती न करता सुरुवात केली तर काय बिघडू शकतं? अनुभवी लोकांनी आणि जाणकारांनी कृपया लिहावं.

वारणाकाठ

ताई, माझ्या बहिणीनं तिशी ओलांडल्यावर तारा लावल्या. सांध्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. दात सरळ झाले, त्रास काही नाही. पहिल्या डॉक्टरांकडे सुरू करा, फार खोलात जाऊ नका.

मिरजेचा_दंतवैद्य

मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावणारा दंतवैद्य आहे. इथे नाव आणि दवाखाना सांगत नाही, म्हणजे जाहिरात वाटणार नाही.

वारणाकाठ यांच्या बहिणीला त्रास झाला नाही याचा आनंदच आहे, आणि बहुतेकांचं तसंच होतं. पण त्यावरून सांधा बघायलाच नको असं ठरत नाही. तारा लावायला आलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा सांधा तपासलाच पाहिजे, यावर मी ठाम आहे. या तपासणीला डॉक्टरांचे हात, कान आणि एक छोटी पट्टी एवढंच लागतं. स्प्लिंट, सीबीसीटी आणि आर्टिक्युलेटर ही पुढची पायरी. ती चढायची की नाही हे हाताच्या तपासणीत काय सापडतं त्यावर ठरतं. ताई, पहिल्या डॉक्टरांनी तपासणीच केली नाही हे मला पटत नाही. दुसऱ्यांनी ती केली हे चांगलं, पण काय सापडलं म्हणून स्प्लिंट हवी, हे त्यांनी तुम्हाला सांगायला हवं होतं.

आता मूळ मुद्दा. कानाच्या भोकाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली जे सरकतं ते खालच्या जबड्याचं टोक, कॉन्डाइल. ते कवटीच्या खोबणीत बसतं आणि दोन हाडांच्या मध्ये एक चिवट चकती असते, तिला डिस्क म्हणतात. तोंड उघडताना कॉन्डाइल आधी जागच्या जागी फिरतो आणि मग डिस्कला सोबत घेऊन पुढच्या उंचवट्यावरून खाली घसरतो. डिस्क जागेवरून पुढे सरकलेली असली तर कॉन्डाइल तिच्यावर चढताना कट् असा आवाज येतो.

दात घट्ट मिटल्यावर जबडा जिथे थांबतो ती जागा दात ठरवतात. दात एकमेकांना लागू दिले नाहीत आणि स्नायू सैल पडले, तर कॉन्डाइल खोबणीत आपला आपण बसतो. या दुसऱ्या जागेला सेंट्रिक रिलेशन म्हणतात. दोन्ही जागा तंतोतंत एक असलेली माणसं फार थोडी. स्वीडनच्या उल्फ पॉसेल्ट यांनी १९५२ सालीच मोजून दाखवलं की दहातल्या नऊ जणांत फरक असतो आणि तो साधारण १ मिमीच्या आसपास असतो. एवढ्या फरकाला आजार म्हणायचं नाही आणि तो घालवायच्या मागेही लागायचं नाही.

फरक मोठा असला की प्रश्न येतो. काहींचा खालचा जबडा मागे असतो आणि ते नकळत तो पुढे काढून चावतात. बिजागरी खाली बसलेलं दार आपण रोज जरा उचलून कडी लावतो आणि हाताला ते कळेनासं होतं, तसं स्नायूंचं होतं. अशा माणसाचे नेहमीच्या चाव्यात वरचे दात ४ मिमी पुढे दिसतात, जबडा सैल सोडला की ८ मिमी. आपण ४ मिमीचा हिशोब धरून तारा लावतो. दात हलायला लागले की दातांचे जुने खाचखळगे जुळेनासे होतात, जबड्याची सवय सुटते आणि तो मागे जाऊन बसतो. मग वर्षभरानं पेशंट विचारतो, दात मागे घेताय तर अंतर वाढतंय का? वाढत्या वयातल्या मुलाचा जबडा वाढून असा फरक काही प्रमाणात झाकून घेतो. छत्तिसाव्या वर्षी जबडा वाढत नाही. मग अर्ध्या वाटेवर दात काढण्याचा किंवा जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघतो. तो पहिल्या दिवशी निघायला हवा होता.

कृष्णाकाठची

डॉक्टर, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. हाताची तपासणी म्हणजे नेमकं काय करतात, तेही लिहाल का? म्हणजे पुढच्या वेळी झाली की नाही ते मला कळेल.

मिरजेचा_दंतवैद्य

लिहितो. प्रत्येकाची पद्धत थोडी निराळी असते, मी करतो ती सांगतो.

सुरुवात प्रश्नांनी. जबडा कधी अडकला होता का? सकाळी अवघडतो का? चावा अलीकडे बदलल्यासारखा वाटतो का? बोटांचे, मनगटांचे सांधे सुजतात का? हनुवटीवर कधी मार बसला होता का? मग तोंड उघडायला सांगून वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजतो आणि मिटल्यावर वरचे दात खालच्यांना जेवढे झाकतात तेवढं त्यात मिळवतो. बेरीज ४० मिमीच्या वर असली की ठीक. घरी अंदाज घ्यायचा तर स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात मावतात का बघा.

उघडताना हनुवटी सरळ खाली येते का, तेही बघतो. मध्येच एका बाजूला जाऊन परत मध्यावर आली तर बहुधा डिस्क घसरून जागेवर येतेय. बाजूला गेली आणि तिकडेच राहिली तर तिकडचा कॉन्डाइल पुढे सरकत नाहीये. मग दोन्ही सांधे, गालाचे आणि कानशिलाचे स्नायू दाबून दुखरे आहेत का ते पाहतो.

यानंतर मुख्य भाग. खुर्ची जवळजवळ आडवी करतो. पुढच्या दातांत कापसाची गुंडाळी धरायला देतो आणि थोडा वेळ तसंच पडून राहू देतो. दाढा एकमेकींना लागत नाहीत, त्यामुळे स्नायूंची नेहमीची वाट सुटते. मग गुंडाळी काढायची आणि मधे दात मिटू द्यायचे नाहीत. एकदा मिटले की स्नायू परत जुन्या वाटेला लागतात. पेशंटच्या डोक्यामागे बसून दोन्ही अंगठे हनुवटीवर आणि बाकीची बोटं जबड्याच्या खालच्या कडेला ठेवतो. जबडा ढकलायचा नाही, फक्त आधार देऊन हलकेच उघडमीट करायची. जबडा हाताला जड वाटायचा थांबला की हळूहळू मिटत आणायचं आणि पहिला दात लागला की थांबायचं. "कुठे लागलं?" बहुतेक जण मागच्या एखाद्या दाढेकडे बोट करतात. तिथे रंगाचा कागद धरून खूण घेतो. मग सांगतो, "आता घट्ट मिटा." त्या क्षणी खालचे पटाशीचे दात सरकतात. किती सरकले आणि कुठे, पुढे की बाजूला, ते मोजायचं. हे पुन्हा पुन्हा करून बघतो. दर वेळी आकडा वेगळा आला तर स्नायू अजून सैल पडलेले नाहीत आणि त्या आकड्यावर योजना आखायची नाही. स्प्लिंटची खरी गरज बहुधा तिथे लागते.

एक गोष्ट घरीही दिसते. आरशासमोर तोंड अर्धवट उघडा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या मधल्या रेषा बघा. उघडं असताना रेषा जुळतात आणि मिटताना खालची एका बाजूला जाते, असं झालं तर दात जबड्याला तिकडे नेतायत. उघडं असतानाही रेषा तेवढीच बाजूला असेल, तर तिरकेपणा हाडाचा किंवा दातांच्या रांगेचा असण्याची शक्यता जास्त.

ऊसवाला

लई भारी माहिती डॉक्टर. पण सरळ विचारतो. ते आर्टिक्युलेटर, जबड्याची कॉम्प्युटरवर मापं, दोन्ही सांध्यांचे स्कॅन, हे सगळं सगळ्यांना सांगणारे दवाखाने आहेत. आमच्या घरात एकाला सांधा चुकीच्या जागी आहे म्हणून मोठं बिल सांगितलं. माणसाला दुखत काहीच नव्हतं. हे बरोबर आहे का?

मिरजेचा_दंतवैद्य

दुखत नाही, अडकत नाही, तोंड व्यवस्थित उघडतं आणि चावा बदललेला नाही, अशा माणसाला केवळ स्कॅनमध्ये कॉन्डाइल खोबणीत थोडा मागे किंवा पुढे दिसतो म्हणून उपचार सांगणं मला मान्य नाही. निरोगी माणसांतही कॉन्डाइल खोबणीत मध्यभागी असतोच असं नाही. डिस्कचंही तेच. कसलीही तक्रार नसलेल्यांचे एमआरआय काढले तर ढोबळमानानं तीनात एकाची डिस्क सरकलेली निघते. कृष्णाकाठच्या ताईंचा आवाज नुसता आवाज असेल, दुखणं आणि अडकणं नसेल, तर त्या आवाजासाठी काहीच करायचं नाही. तारा लावून तो जाईल असं कुणी सांगितलं तर त्यावरही विश्वास ठेवू नका.

कराडकर_प्रॉस्थो

मी कवळ्या, ब्रिज आणि इम्प्लांटवरच्या दातांचं काम करतो. मिरजेच्या डॉक्टरांशी बहुतांशी सहमत आहे, पण आर्टिक्युलेटर इतका बाजूला सारू नये.

तोंडात एकही दात नसलेल्या माणसाची कवळी करताना दात जागा सांगत नाहीत. सेंट्रिक रिलेशन हीच पुन्हा पुन्हा सापडणारी जागा असते आणि त्यावर आमचं सगळं काम उभं असतं. तारा लावायला येणाऱ्या मोठ्या माणसांतही अशी माणसं बरीच असतात, ज्यांच्या दाढा पूर्वीच काढलेल्या असतात. आपल्याकडे सहाव्या वर्षी येणारी पहिली मोठी दाढ दुधाची समजून दुर्लक्षित राहते, किडते आणि तरुणपणीच काढली जाते. मग मागची दाढ त्या रिकाम्या जागेत पुढे कलते आणि वरची दाढ खाली उतरते. मिटताना पहिला धक्का नेमका त्या कललेल्या दाढेच्या उंच झालेल्या कडेवर बसतो आणि जबडा तिला चुकवून सरकतो. अशा तोंडात आधी तारा, मग इम्प्लांट आणि मग कॅप असं लांबलचक काम असतं. तिथे सांध्याच्या जागेवर घेतलेलं मेणाचं माप (मेणाच्या पट्टीवर घेतलेला चाव्याचा ठसा) आणि आर्टिक्युलेटरवर चढवलेले साचे नसतील तर शेवटचा दात कुठल्या उंचीला बसवायचा हे कळत नाही.

ताई, तुमची एखादी दाढ काढलेली आहे का?

कृष्णाकाठची

हो! उजवीकडची खालची. किडली होती, रूट कॅनाल केलं नाही, काढून टाकली. त्याला बरीच वर्षं झाली. मागची दाढ पुढे वाकल्यासारखी दिसते, तिथे अन्न अडकतं. पहिल्या दोन्ही डॉक्टरांशी याबद्दल बोलणंच झालं नव्हतं.

मिरजेचा_दंतवैद्य

कराडकर डॉक्टरांनी नेमका प्रश्न विचारला. दाढा नसलेल्या तोंडात, शस्त्रक्रियेचा विचार असताना किंवा मोठी सरक (पहिला दात लागल्यापासून घट्ट मिटेपर्यंत जबडा सरकतो ते अंतर) सापडली की मीही साचे आर्टिक्युलेटरवर चढवतो. सगळ्यांचे चढवायला माझा विरोध आहे, आणि त्याला कारण आहे.

सेंट्रिक रिलेशनची व्याख्याच काळानुसार बदलली. जुन्या पुस्तकांत कॉन्डाइल खोबणीत सगळ्यात मागे असतो ती जागा योग्य मानत. पुढे प्रॉस्थोडॉन्टिक्सच्या (कृत्रिम दात बसवण्याच्या शाखेच्या) शब्दकोशाच्या १९८७ सालच्या आवृत्तीत ती वर आणि पुढे, उंचवट्याला टेकलेली, अशी झाली. जुन्या व्याख्येप्रमाणे जबडा मागे ढकलून मापं घेतली गेली, नव्या व्याख्येप्रमाणे तेच चूक ठरतं. शिवाय मेणाचा चावा घेतला की कॉन्डाइल आपल्याला वाटतं तिथेच जातो, असंही नाही. २०१३ साली ऑस्ट्रेलियात तक्रार नसलेल्या लोकांचे वेगवेगळ्या पद्धतीचे चावे घेऊन एमआरआय काढले, तेव्हा पुस्तकात लिहिलेल्या जागी कॉन्डाइल भरवशानं सापडले नाहीत. म्हणून अर्धा-पाऊण मिमीचा फरक यंत्रावर दाखवून कुणी उपचार सांगत असेल तर मला ते पटत नाही. २-३ मिमीची सरक, बाजूला जाणारी सरक किंवा मिटताना पुढचे दात उघडे राहणं, हे हातालाही कळतं, डोळ्यालाही दिसतं आणि त्यानं योजना बदलते. आपण शोधायचं ते हे.

कराडकर_प्रॉस्थो

मान्य. फक्त एक जोडतो. माप घेण्याआधी सांध्याला थोडा भार देऊन बघायला हवा. अमेरिकन दंतवैद्य पीटर डॉसन यांची दोन हातांची पद्धत त्यासाठीच आहे. जबड्याच्या खालच्या कडेवरून हलका वरच्या दिशेनं दाब दिला आणि पेशंटला सांध्यात ओढ किंवा कळ जाणवली, तर त्या दिवशी माप घ्यायचं नाही. दुखऱ्या सांध्यावरचं माप टिकत नाही.

एक्सरेवाला

मिरजेत एका स्कॅन सेंटरला काम करतो. रोज पेशंट विचारतात म्हणून लिहितो.

ओपीजीत कॉन्डाइलचा आकार ढोबळ दिसतो. एका बाजूचा चपटा झालाय किंवा दुसऱ्यापेक्षा लहान आहे एवढं लक्षात येतं. खोबणीत तो कुठे बसलाय हे ओपीजीवर ठरवू नये, कारण त्या फोटोत जबडा जरा पुढे काढून पुढच्या दातांनी दांडी चावायची असते. सीबीसीटीत हाड छान दिसतं, डिस्क दिसत नाही. डिस्क बघायला एमआरआय, तोही तोंड मिटून आणि उघडून असा दोन्ही वेळा.

सीबीसीटीच्या वेळी तुम्ही दात कसे धरलेत त्यावर कॉन्डाइलची जागा बदलते. हनुवटीला आधार लावल्यावर बरेच जण दात किंचित सुटलेले ठेवतात किंवा जबडा पुढे काढतात आणि मग रिपोर्टमध्ये कॉन्डाइल पुढे असल्याचं येतं. डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहून द्यावं की नेहमीच्या चाव्यात काढा किंवा सोबत दिलेल्या मेणाच्या चाव्यावर काढा. असं लिहून आलेल्या चिठ्ठ्या फार कमी येतात.

साताऱ्याची_फिजिओ

इथे स्नायूंबद्दल फार कमी बोललं गेलं, म्हणून मध्ये पडते. कृष्णाकाठची ताई सकाळी जबडा अवघडतो म्हणतात आणि तोही कामाचा ताण असताना. हे झोपेत दात आवळण्याचं लक्षण असू शकतं. वह्यांवर मान घालून बसल्यावर दिवसासुद्धा दात आवळलेले असतात आणि ते लक्षात येत नाही. विश्रांतीत दात एकमेकांना लागायला नकोत. ओठ मिटलेले, दात सुटलेले आणि जिभेचा शेंडा वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळ्याला हलका टेकलेला ठेवा. वहीचा गठ्ठा संपला की एकदा बघा, दात सुटलेत का.

गालाच्या स्नायूला सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ ओला शेक द्या. जांभई देताना हनुवटीला हाताचा आधार द्या. दातांनी ऊस सोलणं काही महिने बंद करा, तुकडे करून खायलाही नको, रस प्या. भडंग खुशाल खा, तो जबड्याला जड नाही. स्नायू दुखरे असताना घेतलेलं जबड्याचं माप बदलतं, हे मी बऱ्याच पेशंटमध्ये पाहिलंय. म्हणून तारांची घाई करण्याआधी स्नायू शांत करून घ्या, एवढी मनापासून विनंती.

अजिंक्यताऱ्याखाली

धागा वाचून लिहायलाच हवं असं वाटलं. मी साताऱ्याची, तिशीच्या आतली. माझे पुढचे दात हळूहळू उघडे राहायला लागले होते. आधी पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तुटेना, मग कोथिंबिरीची काडीही. एका दवाखान्यात (नाव नको) दात बघून थेट अलाइनर (तारांऐवजी घालायचे पारदर्शक साचे) सुचवले आणि सुरूही केले. सांध्याला कुणी हात लावला नाही, जुना फोटो मागितला नाही. अलाइनर घालूनही फट वाढतच गेली.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी माझे कॉलेजचे हसतानाचे फोटो मागवले. त्यात दात जुळलेले होते. ते म्हणाले, मोठ्या वयात चावा आपोआप उघडत असेल तर आधी सांध्याकडे बघायचं. सीबीसीटीत दोन्ही कॉन्डाइल वरून झिजलेले निघाले. मग रक्ताच्या तपासण्या झाल्या, संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवलं. सध्या तारा बंद आहेत, सांधा स्थिर होतोय का ते ठरावीक काळानं स्कॅन काढून बघतायत. ताई, तुमचं असं नसेलही. पण जुने फोटो घेऊन जा.

मिरजेचा_दंतवैद्य

अजिंक्यताऱ्याखाली ताई, तुम्ही लिहिलंत याबद्दल खूप आभार, आणि तुम्हाला जे सोसावं लागलं त्याचं वाईट वाटतं. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी अगदी योग्य केलं. कॉन्डाइल झिजण्याचा हा प्रकार तरुण स्त्रियांत जास्त दिसतो, आणि आमवातातही असा चावा उघडतो. झीज चालू असताना दात हलवले तर आज जुळवलेलं उद्या पुन्हा उघडतं. उलटही होतं. एका बाजूचा कॉन्डाइल वाढत राहतो, हनुवटी दुसऱ्या बाजूला सरकत जाते, आणि तिथेही वाढ थांबल्याची खात्री होईपर्यंत थांबावं लागतं. जुने फोटो हा या दोन्हींतला सगळ्यात स्वस्त पुरावा.

कृष्णाकाठची

मी जुने फोटो काढून बघितले. दात तेव्हाही असेच होते, फट नव्हती. जिवात जीव आला.

एक भीती अजून आहे. पहिल्या डॉक्टरांनी वरच्या दोन दाढा, सुळ्यांच्या मागच्या, काढायला सांगितल्यात. मैत्रीण म्हणते, दात काढून पुढचे मागे ओढले की जबडा मागे ढकलला जातो आणि सांधा कायमचा बिघडतो.

मिरजेचा_दंतवैद्य

ही भीती जुनी आहे आणि तिला इतिहास आहे. १९८७ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एका खटल्यात ज्युरीनं ऑर्थोडॉन्टिस्टविरुद्ध ८,५०,००० डॉलरचा निकाल दिला. आरोप हाच होता, दात काढून केलेल्या उपचारानं सांधा बिघडला. त्यानंतर या प्रश्नावर भरपूर संशोधन झालं. दात काढून केलेले आणि न काढता केलेले पेशंट तपासले, तेव्हा सांध्याच्या तक्रारी दात काढल्यामुळे वाढतात असं दिसलं नाही. व्यवस्थित केलेल्या उपचारानं सांधा बिघडतही नाही आणि सुधारतोही नाही, असं आज साधारणपणे मानलं जातं. दात काढायचे का, हे जागेच्या कमतरतेवर, ओठांच्या ठेवणीवर आणि हिरड्यांच्या हाडावर ठरवा. पण जबडा सैल सोडल्यावर वरचे दात खालच्यांपेक्षा किती पुढे येतात, हे कळल्याशिवाय तो निर्णय पक्का करू नका. काढलेला दात परत लावता येत नाही.

ऊसवाला

ताईंना खर्चाचाही प्रश्न असेल. सांगलीत भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज आहे, साताऱ्याकडच्यांना कराडला कृष्णाचं आहे. कॉलेजात वेळ जातो, पण तारावाले, कवळीवाले, हिरड्यांचे सगळे डॉक्टर एका इमारतीत भेटतात.

कृष्णाकाठची

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. तुमच्या सगळ्यांचं लिहिलेलं वहीत उतरवून एका कॉलेजच्या ओपीडीत गेले. तिथल्या मॅडमनी वर लिहिलंय तसंच सगळं केलं, कापसाच्या गुंडाळीसकट. तोंड ४४ मिमी उघडतं. डावा सांधा वाजतो, दाबल्यावर दुखत नाही. दोन्ही गालांचे स्नायू मात्र चांगलेच दुखले. जबडा सैल सोडून मिटला की पहिला धक्का उजव्या कललेल्या दाढेवर बसतो आणि मग जबडा डावीकडे सरकतो. किती सरकतो ते दर वेळी वेगळं येत होतं, म्हणून मॅडमनी आकडा लिहिलाच नाही.

कडक अॅक्रिलिकची, सगळे दात झाकणारी स्प्लिंट रात्री वापरायला दिली, फिजिओच्या सूचना पाळल्या, ऊस सोडला. दर फेरीला मॅडम स्प्लिंटवर कागद ठेवून खुणा बघायच्या आणि थोडं घासायच्या. हळूहळू खुणा एकाच जागी यायला लागल्या, सकाळचं अवघडणं जवळजवळ गेलं. आता सरक दर वेळी सारखीच येते, २ मिमी, बरीचशी डावीकडे. पुढे फार कमी, त्यामुळे वरच्या दातांचं अंतर आधीच्या मापापेक्षा फारसं वाढलेलं नाही. एमआरआय आणि सीबीसीटी दोन्ही नको म्हणाल्या. साचे मात्र आर्टिक्युलेटरवर चढवलेत, कारण शेवटी त्या रिकाम्या जागेत इम्प्लांट बसवायचं आहे. आधी कललेली दाढ उभी करायची, मग बाकीचे दात. दात काढायचे की नाही हे दाढ उभी झाल्यावर ठरवू म्हणाल्या.

डॉक्टर, दाढ उभी केली की तो पहिला धक्का जाईल ना?

मिरजेचा_दंतवैद्य

ताई, फार छान तपासणी झाली तुमची. तुम्ही थांबलात, त्याचंही श्रेय आहे.

धक्का जाईल, पण मध्ये एक टप्पा सांभाळावा लागेल. कललेली दाढ उभी करताना ती वर यायला बघते. वर आली की धक्का कमी होण्याऐवजी काही काळ वाढतो आणि पुढचे दात सुटे पडल्यासारखे वाटतात. ती वर येऊ नये म्हणून मॅडम कदाचित हाडात छोटा स्क्रू बसवतील किंवा दाढेची उंच कड थोडी घासतील. दोन्ही नेहमीचे उपाय आहेत, घाबरू नका. त्या काळात पुढचे दात लागेनासे झाले किंवा डाव्या सांध्यात कळ आली तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, फोन करून जा. रबर लावायला दिले असतील आणि दुखलं तर रबर काढून ठेवा आणि विचारा.

दर फेरीला तोंड किती उघडतं आणि पहिला दात कुठे लागतो, हे फाइलमध्ये लिहून ठेवायला सांगा. दाढ उभी झाली की चालू तारेतच जबडा पुन्हा सैल सोडून सरक मोजा. तेव्हा ती १ मिमीच्या आत आली असेल तरी आर्टिक्युलेटरवरचे जुने साचे इम्प्लांटसाठी वापरू नका, नवीन माप घ्यायला सांगा.